महानेत्यांच्या देशात माझी कंबर

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. माझ्या कमरेला काहीही झालेलं नाही. आज नाही, गेल्या वर्षी नव्हतं, आणि ज्या दिवसाबद्दल लोक मला जिन्यात अडवून विचारतात त्या दिवशी तर मुळीच नव्हतं. तरी आमच्या बोपोडीच्या मैत्रेय सोसायटीत मला बघितलं की लोक लिफ्टचं दार धरून उभे राहतात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या योगेशने माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी काढून घेतली. म्हणाला, "काका, वजन उचलू नका." कोथिंबीर! उभा जन्म खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाच्या हातून कोथिंबीर!

म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. यापुढे कोणी विचारलं तर हे वाचायला देणार.

त्या देशाचं नाव मी घेणार नाही. घाबरतो म्हणून नव्हे, निघताना तसं लिहून दिलंय म्हणून. आणि लिहून दिलेलं मी पाळतो. कारखान्यात नेमकं काय बनतं, हे मी माझ्या पत्नीला, म्हणजे कांताला, अजून सांगितलेलं नाही. तिने कधी विचारलंही नाही, हा भाग वेगळा.

जायची कल्पना कांताचीच. सोसायटीतले सगळे दुबई करून आले, थायलंड करून आले, आणि आले की फोटो दाखवायला बसवतात. "आपण अशा ठिकाणी जायचं," कांता म्हणाली, "जिथे यांच्यातलं कोणी गेलेलं नाही आणि जाणारही नाही." अशी ठिकाणं जगात फार उरलेली नाहीत. पण नारायण पेठेतल्या सलिल नावाच्या टूरवाल्या तरुणाकडे एक निघालं. जगाला दार बंद केलेला देश, वर्षातून मोजक्या पाहुण्यांना आत घेतात, सोबत कायम सरकारी मार्गदर्शक. मी नकोच म्हणणार होतो, पण कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवसापुढे छापलं होतं, 'प्राचीन बौद्ध विहाराचे दर्शन'. आम्ही बौद्ध. त्या बंद दाराआड कुठेतरी भगवंताची मूर्ती शतकानुशतकं शांत बसून आहे, या विचाराने मी सही केली. तो विहार मी पाहिला का? नाही. मला एकट्याला सोडून सगळ्यांनी पाहिला. पण ते पुढे.

पहिला अपमान व्हिसाच्या अर्जावर झाला. 'शेवटची नोकरी' या रकान्यात मी अभिमानाने कारखान्याचं नाव लिहायला घेतलं, तर सलिलने पेनच धरलं.

"काका, दारूगोळा नका लिहू. आपण 'गृहोपयोगी वस्तू' लिहू."

"गृहोपयोगी? तोफेचा गोळा?"

"काका, प्लीज. भांडी समजा."

अशा रीतीने मी भांडीवाला झालो. ही बातमी सोसायटीत गेल्यावर सल्ले सुरू झाले. पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. खालच्या मजल्यावरचे युसूफभाई तांबोळी, माझे तीस वर्षांचे शेजारी, चष्म्याच्या दुकानातून घरी जाता जाता वर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सुखदेवराव, तिथे एकदा कळलं ना तुम्ही कुठे होतात, तर ठेवून घेतील हो तुम्हाला."

"घेऊ देत," कांता स्वयंपाकघरातून म्हणाली. "फक्त यांना रोज भाकरी लागते, तेवढं त्यांना सांगून ठेवा."

सोसायटीचे चेअरमन संजय शेलार यांनी "तुमच्या माघारी पार्किंग वापरू का?" असं विचारलं. 'माघारी' हा शब्द त्यांनी ज्या पद्धतीने उच्चारला, तो मला अजिबात आवडला नाही.

तर गेलो. आमच्या गटात सातआठ जण होते. त्यातल्या मथुराबाई आठल्ये यांची ओळख करून देणं भाग आहे. नारायण पेठेतल्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या. जग पाहून झालेलं आणि जगातलं काहीही पसंत न पडलेलं. त्यांच्या मेतकुटाच्या डब्यावरून आम्ही विमानतळावर दीड तास अडकलो. पिवळी पूड बघून आधी एक अधिकारी आला, मग तीन, मग हातमोजे घातलेला एक. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि विचारात पडला.

"भाताशी खा म्हणावं," मथुराबाई म्हणाल्या. "नुसतं खातात का?"

डबा जप्त झाला. माझा मोबाइलही जप्त झाला. मी पावती मागितली. पावती या गोष्टीवर तो अधिकारी मनापासून हसला, आणि त्या देशात मनापासून हसलेला तो शेवटचा माणूस.

आम्हाला दोन मार्गदर्शक दिले होते. त्यांची नावं आमच्या जिभेला वळेनात, म्हणून कांताने त्यांना आडनावं दिली. एक हसरे, दुसरे गप्पे. हसरे अखंड बोलत आणि अखंड हसत. गप्पे एक अक्षर बोलत नसत. हसरे बोलत असताना आम्ही नीट ऐकतोय ना, हे बघणं गप्प्यांचं काम. हसरेही नीट बोलतायत ना, हे बघणंसुद्धा त्यांचंच काम असावं असा मला संशय आला. हसऱ्यांचं हिंदी रेडिओवर शिकलेलं, आणि तेही इतकं शुद्ध की आमच्यातल्या कोणालाच कळेना.

"कृपया वातायन से मुख बाहर न निकालें," ते बसमध्ये म्हणाले.

"खिडकी," मथुराबाईंनी आम्हाला सांगितलं. "खिडकीतून तोंड बाहेर काढू नका म्हणतोय. काढून बघायला आहे काय बाहेर?"

खरोखरच काही नव्हतं. सहापदरी रस्ता आणि त्यावर फक्त आमची बस. आयुष्यभर खडकीच्या चौकात अडकलेल्या माणसाला रिकामा रस्ता बघून आनंद व्हायला हवा. मला मात्र कोणीतरी रस्ता धुऊन वाळत घातल्यासारखा वाटला.

त्या देशाला महानेते तीन. थोरले महानेते, मधले महानेते आणि चालू महानेते. 'चालू' हा शब्द मी फक्त काळ या अर्थाने वापरतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला थोरल्यांच्या पुतळ्यापाशी नेलं. आपल्याकडच्या पाण्याच्या टाकीएवढा उंच. बुटाच्या नाडीची गाठ माझ्या डोक्याएवढी होती, ती मी जवळून पाहिली. हसऱ्यांनी आम्हाला एका रांगेत उभं केलं आणि सांगितलं की आता सर्व आदरणीय अतिथी कमरेतून झुकतील.

हात जोडा म्हणाले असते तर मी जोडले असते. कोणालाही नमस्कार करायला माझी ना नाही. पण कमरेतून?

इथे थोडं थांबून सांगायला हवं. माझे वडील करमाळ्याकडचे. गावात पाटलाच्या दारावरून जाताना कमरेत वाकून जोहार घालायला लागायचा. एक दिवस ते ताठ गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना गाव सोडावं लागलं. खडकीला येऊन त्यांनी कारखान्यात हमाली धरली. मला शाळेत घालताना ते म्हणाले, "बुद्धापुढे वाक, बाबासाहेबांपुढे वाक, आईपुढे वाक. आणखी कोणी वाक म्हणालं, तर कंबर दुखते म्हणायचं."

म्हणून मी म्हणालो, "मेरी कमर दुखती है."

रांगेतले सगळे वाकले होते. मथुराबाई तर चांगल्या घडी घातल्यासारख्या वाकल्या होत्या. "मूर्ती दिसली की नमस्कार करून मोकळं व्हावं," असं त्या मला नंतर म्हणाल्या. "कोणाची ते विचारत बसलं की वेळ जातो." कांताच्या सँडलचा बंद नेमका त्याच क्षणी सुटला होता आणि ती तो लावायला वाकली होती. योगायोग होता का, हे मी तिला आजवर तीनदा विचारलं. ती म्हणते, "सुटला होता."

म्हणजे त्या अफाट चौकात ताठ उभे असे दोघेच होतो. थोरले महानेते आणि मी.

हसऱ्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं. ते गप्प्यांकडे गेले. गप्पे प्रथमच बोलले, काहीतरी दोनच शब्द. हसरे परत आले. "श्रीमान, हमारे देश में अतिथि को पीड़ा हो, यह असंभव है."

मला वाटलं, झालं, विषय संपला. इतक्यात गाडी आली.

"मला काही नकोय!" मी म्हणालो. "थोडा बाम चोळेन!"

"असंभव," हसरे म्हणाले.

कांताला बरोबर येऊ दिलं नाही. तिने बसच्या वातायनातून मुख बाहेर काढून ओरडून सांगितलं, "अहो, इंजेक्शन घेऊ नका! उद्या विहार आहे!"

तो दवाखाना होता की संगमरवराचं गोदाम, मला सांगता येणार नाही. लांबच लांब कॉरिडॉर, आरशासारखी फरशी आणि माणूस एकही नाही. वॉर्डात माझ्याशिवाय एकच रुग्ण होता. इस्त्रीचा पायजमा घातलेला गुबगुबीत, गुलाबी गृहस्थ. मी येताच तो कण्हायला लागला. अर्ध्या तासाने दुसरा गुलाबी गृहस्थ आला, पहिला उठून गेला आणि दुसरा त्याच जागी कण्हायला लागला. ड्यूटी बदलते तशी. आमच्या कारखान्यातसुद्धा पाळी बदलताना एवढी शिस्त नव्हती.

मला तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेल्या. पायाशी हसरे भाषांतराला, खिडकीशी गप्पे. बाईंनी मला पालथं घातलं आणि मणके एकेक करून दाबले.

"पीड़ा?" हसऱ्यांनी विचारलं.

"बहुत," मी म्हणालो.

त्यांनी एक पाय वर उचलला. तो अगदी सहज वर गेला. रोज सकाळी योगासनं करतो मी! दुसराही गेला. मी कण्हायचं विसरलो होतो, ते आठवून उशिरा कण्हलो. बाई माझ्या डोक्याशी आल्या, डोळ्यांत बॅटरी मारायच्या निमित्ताने खाली वाकल्या आणि माझ्याकडे सरळ बघितलं. आणि एवढीशी, मुंगीएवढी, मान हलवली. नाही.

त्यांना कळलं होतं. आता या फक्त खरं बोलल्या की संपलं. थोरल्यांच्या पुतळ्यापुढे खोटं बोललेला परदेशी माणूस, आणि वरून भांडीवाला. सोसायटीतलं माझं पार्किंग कायमचं गेलं.

बाई ताठ उभ्या राहिल्या आणि गप्प्यांकडे वळून खणखणीत आवाजात बरंच काही बोलल्या. हसऱ्यांनी भाषांतर केलं, "रोग गंभीर है. परंतु महानेता की चिकित्सा-पद्धति से ठीक हो जाएगा."

मग जे काही केलं ते तपशिलात सांगत नाही. ऊन विटा, काळा लेप, आणि काखेपासून मांडीपर्यंत पट्टा. मुटक्यासारखं वळून मला गादीवर ठेवलं. डोळे उघडले तर छतावर तीनही महानेत्यांच्या तसबिरी. उताणं झोपणाऱ्या रुग्णांची खास सोय. आणि मी असा पडलेलो असताना, तिसऱ्या दिवशी, छापील कार्यक्रमानुसार, सगळा गट विहार बघायला गेला.

संध्याकाळी कांताला पाच मिनिटं भेटू दिलं. सोबत मथुराबाईही आल्या.

"कसा आहे विहार?" मी विचारलं.

"कोरडा आहे, स्वच्छ आहे, चपला सांभाळायला माणूस आहे," मथुराबाई म्हणाल्या. "पर्वतीला नाही."

कांता माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मी तुमच्याही वाटची वंदना केली. एक म्हातारे भंते होते. खरे की नेमलेले, काय माहीत. पण मी पंचशील म्हणायला लागले तर त्यांचे ओठ हलत होते. बरोबर हलत होते."

मला त्या क्षणी सगळ्या देशाचा इतका संताप आला की पट्टा करकरला. सलिलचा आला, पुतळ्याचा आला, हसऱ्यांचा आला. दोन हजार मैलांवर येऊन छताकडे बघत पडलोय, आणि भंतेंचे ओठ हललेले बघायचं नशिबात नाही!

दुसऱ्या दिवशी पट्टा काढला, मला कोट घालायला लावला आणि दवाखान्याच्या दालनात आणलं. तिथे कॅमेरे होते, दिवे होते, फुलं होती, आणि भिंतभर चालू महानेत्यांची तसबीर. हसरे हळूच म्हणाले, "अब श्रीमान चित्र के सम्मुख कमर से झुकेंगे. रोगमुक्ति का प्रमाण."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. जे करायला लागू नये म्हणून मी आजारी पडलो होतो, तेच करून दाखवलं की मी बरा!

"नहीं झुकूँगा," मी म्हणालो. "अब भी दुखती है."

"तो उपचार असफल माना जाएगा."

"मानू देत!"

हसऱ्यांनी तसबिरीच्या बाजूला बघितलं. तिथे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. स्वच्छ कोट, हात एकमेकांत घट्ट. "डॉक्टर महोदया का स्थानांतरण हो जाएगा," ते म्हणाले.

"कुठे?"

हसऱ्यांनी हिंदीत त्या जागेसाठी शब्द शोधला. रेडिओवर तो कधी आला नसावा. त्यांना सापडला नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच पूर्ण गेलं.

मला वडील आठवले. ते आज असते तर काय म्हणाले असते, हे मी ठरवू शकलो नाही. दिवे लागले. कोणीतरी बोटांनी तीन, दोन, एक केलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या हवेत बघत होत्या. माझी तीन दिवसांची खोटी कंबर त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती, आणि मी तिथे तत्त्वाला धरून उभा होतो.

मी डावीकडे पाऊलभर सरकलो. आता माझ्यासमोर तसबीर नव्हती, बाई होत्या. मी हात जोडले आणि कमरेतून वाकलो. अर्धवट नव्हे, आईपुढे वाकायचो तसा पूर्ण वाकलो.

मी उठलो तर गप्पे माझ्याकडे रोखून बघत होते, मग तसबिरीकडे, मग बाईंकडे. आणि मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ते पाऊल त्यांना दिसलं नाही, की दिसूनही त्यांनी बघितलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, खाली बघून.

परत आलो. मोबाइल मिळाला, मेतकूट मिळालं नाही. मी ठरवलं होतं की कोणाला काही सांगायचं नाही. पण युसूफभाईंच्या मुलाने, तौफिकने, त्या देशाच्या सरकारी वाहिनीवरचा व्हिडिओ शोधून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली चक्क इंग्रजीत लिहिलंय, भारतातले थोर भांडी-निर्माते, आयुष्यभराच्या पाठदुखीतून मुक्त, कृतज्ञतेने महानेत्यांपुढे नतमस्तक.

आणि चित्रात तसंच दिसतं! कॅमेरा असा लावलाय आणि चौकट अशी कापलीय की बाई आहेतच कुठे? समोर तसबीर आणि खाली मी, घडी घातलेला.

मी युसूफभाईंकडे गेलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ते सगळं खरं हो. पण तो काळा लेप कसला होता? आमच्या हिची, मेहरुनची, पाठ फार दुखते."

चेअरमन संजय शेलार म्हणाले, "वाकलात छान पण." मथुराबाईंनी मुद्दाम फोन केला. म्हणाल्या, "शेवटी वाकलातच ना? पहिल्यांदाच वाकला असतात तर विहार पाहून झाला असता." मी समजावायला गेलो की मी तसबिरीपुढे वाकलो नाही, तर म्हणाल्या, "मग कोणापुढे वाकलात? दिसत तर कोणी नाही." आणि फोन ठेवला. कोणी दिसत नाही! हीच तर माझी तक्रार आहे! मी त्या वाहिनीला पत्र लिहायलाही बसलो होतो. कांताने विचारलं, "आणि ते पत्र वाचून तिकडे कोणाचं काय होईल?" मी पेन ठेवलं.

गेल्या रविवारी मी तोच व्हिडिओ पुन्हा लावून बसलो होतो. पांढऱ्या कोटाची एखादी कड तरी कुठे राहिली असेल म्हणून चौकटीचे कोपरे शोधत होतो. कांता चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "हा हात कोणाचा?"

"कुठला हात?"

"तुम्ही उठताय बघा. तिथे."

मी मागे नेला. खरंच. मी वाकलेला वर येताना चौकटीच्या कडेतून एक हात येतो आणि माझ्या कोपराखाली जातो. आधार द्यायला, पाठीच्या दुखणेकऱ्याला देतात तसा. क्षणभर, आणि मग नाहीसा होतो. मला त्या वेळी तो जाणवलाही नव्हता. माझी कंबर ठणठणीत आहे हे पक्कं ठाऊक असलेलं त्या सगळ्या दालनात एकच माणूस होतं.

"थांबवा तिथेच," कांता म्हणाली.

मी थांबवला. चहा तसाच राहिला. आम्ही दोघं तो हात बघत बसलो. बारीक, नखं कापलेली, आणि अंगठ्याजवळ शाईचा छोटा डाग.